कुबरनेटीस क्लस्टरची स्नॅपशॉटमधून पुनर्स्थापना

कुबरनेटीस क्लस्टर व्हर्च्युअल मशिनांवर चालत असेल, तर त्या मशिनांच्या जतन केलेल्या स्नॅपशॉटवरून अख्खा क्लस्टर पूर्वीच्या स्थितीत आणण्याची प्रक्रिया. फसलेले अपग्रेड, चुकून पुसली गेलेली नेमस्पेस, नादुरुस्त डिस्क किंवा रॅन्समवेअरचा हल्ला अशा प्रसंगी ती हाती घेतात. एकट्या मशीनसाठी हा मार्ग जुना आणि सवयीचा आहे. क्लस्टरमध्ये मात्र अनेक मशिने एकमेकांच्या शब्दावर चालतात, म्हणून प्रत्येक मशीन सुखरूप परतले तरी क्लस्टर उभा राहीलच असे नाही.

पार्श्वभूमी : कुबरनेटीस हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने बोर्ग या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावर ही मुक्तस्रोत प्रणाली २०१४ मध्ये जाहीर केली. तिची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. कंटेनर कोणत्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) चालवायचे, किती चालवायचे आणि बंद पडल्यास काय करायचे, हे ती ठरवते. त्यासाठी लागणारी सर्व नोंद, म्हणजे डिप्लॉयमेंट, सीक्रेट, सर्व्हिस, व्हॉल्यूमचे हक्क, एटसीडी या डेटाबेसमध्ये असते. कोअरओएस कंपनीने २०१३ मध्ये सुरू केलेला एटसीडी सहसा ३ किंवा ५ सदस्यांच्या गटात चालवतात. या सदस्यांचे एकमत राफ्ट या पद्धतीने होते. दिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहौट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ती विकसित केली. तिचा मूळ नियम बहुमताचा आहे : तिघांत दोन आणि पाचांत तीन सदस्यांनी लिहून घेतले की नोंद कायम झाली.

स्नॅपशॉटचे स्वरूप : स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठू लागतात. हवे असल्यास मेमरीही जतन करता येते. चालू मशीनचा साधा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल तेवढे. एका मशीनपुरता एटसीडी अशा धक्क्यातून सावरतो, कारण प्रत्येक नोंद आधी डिस्कवर पक्की करूनच तो पुढे जातो. मेमरीसह घेतलेला स्नॅपशॉट क्लस्टरला अधिक त्रासदायक ठरतो. जागे झालेले मशीन जुनी वेळ आणि तुटलेली नेटवर्क जोडणी खरी धरून काम सुरू करते.

स्नॅपशॉट घेण्याचाही ताण पडतो. त्या क्षणी मशीन थोडा वेळ थिजते. एटसीडीचा प्रमुख दर १०० मिलिसेकंदांनी आपण जिवंत असल्याचा ठोका पाठवतो, आणि १,००० मिलिसेकंद तो आला नाही तर बाकीचे सदस्य नवी निवडणूक लावतात. हे मूळ ठरावीक आकडे आहेत. प्रमुखाचे मशीन सेकंदाहून जास्त थिजले, तर नुसत्या स्नॅपशॉटपायी नेतृत्व बदलते.

रोजकीर्दीचा पेच : जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत आणि मग खतावणीत उतरवत. एटसीडीचा कारभार असाच आहे. राफ्टची लॉग ही रोजकीर्द आणि डेटाबेसची फाइल ही खतावणी. एकदा ‘लिहिले’ असे कळवलेली नोंद सदस्य कधीही विसरणार नाही, या गृहीतकावर राफ्ट उभा आहे. स्नॅपशॉट नेमके तेच मोडतो.

क, ख आणि ग असे तीन सदस्य असून क प्रमुख आहे, असे समजा. ग चा स्नॅपशॉट घेतला तेव्हा रोजकीर्द ५०० व्या नोंदीवर होती. काम पुढे चालून ती ५९० वर पोहोचली आणि मग एकट्या ग ला स्नॅपशॉटवर परत नेले. ग कडे ५९० पर्यंतच्या नोंदी आहेत, असे क च्या टिपणात आहे. म्हणून तो ठोक्यासोबत कळवतो की ५९० पर्यंतचे कायम समज. ग ची वही ५०० लाच संपते. एटसीडी तिथेच स्वतःला बंद करतो आणि राफ्टची लॉग बिघडली, छाटली गेली की हरवली, असा प्रश्न विचारणारा संदेश ठेवतो. मशीन पुन्हा सुरू केले तरी गत तीच.

हा बिघाड निदान दिसतो. न दिसणारा अधिक वाईट. ५८६ ते ५९० या नोंदी फक्त क आणि ग यांनी लिहिल्या होत्या आणि ख मागे होता, असे धरू. दोघांचे बहुमत झाल्याने वापरकर्त्याला ‘झाले’ असे उत्तर गेले. आता ग ५०० वर परतला आणि त्याच वेळी क बंद पडला. ख आणि ग मिळून बहुमत होते. ख प्रमुख होतो आणि कायम झालेल्या पाच नोंदी कोणाच्याही लक्षात न येता नाहीशा होतात. मतदानाचेही तसेच : मत दिल्याची नोंद पुसली गेलेला सदस्य त्याच फेरीत दुसऱ्यांदा मत देऊ शकतो.

म्हणून बाकीचे सदस्य चालू असताना एकट्या सदस्याला स्नॅपशॉटवरून परत आणत नाहीत. त्याला गटातून काढून टाकतात, त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करतात आणि नवा सदस्य म्हणून घेतात. मग तो प्रमुखाकडून सगळी खतावणी उतरवून घेतो.

पुनर्स्थापनेचा क्रम : संपूर्ण क्लस्टर मागे न्यायचा असेल, तर सर्व कंट्रोल प्लेन मशिने, म्हणजे क्लस्टरचा कारभार चालवणारी मशिने, बंद करून एकाच वेळी घेतलेल्या संचातील स्नॅपशॉट सर्वांत सुरक्षित. आधी सर्व मशिने बंद करतात, मग सर्वांना त्याच संचावर नेतात. मशिनांचे आयपी पत्ते पूर्वीचेच असावे लागतात, कारण एटसीडीच्या सदस्ययादीत आणि प्रमाणपत्रांत ते कोरलेले असतात.

स्नॅपशॉट मागेपुढे घेतले गेले असतील आणि सदस्यांचे जुळत नसेल, तर समेटाच्या भानगडीत न पडता एकाच सदस्याची खतावणी प्रमाण मानतात. सर्वांत पुढचा रिव्हिजन क्रमांक (प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा) ज्याच्याकडे असेल त्याची डेटाबेस फाइल घेऊन एटसीडीयूटीएल या साधनाने नवा गट उभारतात. डेटा डिरेक्टरीतून उचललेल्या फाइलला पडताळणीचा हॅश नसतो, त्यामुळे ती तपासणी वगळण्याचा पर्याय द्यावा लागतो. नव्या गटाला नवी ओळख मिळते, म्हणून जुन्या गटाचा भरकटलेला सदस्य त्यात घुसू शकत नाही.

या काळात एपीआय सर्व्हर बंद ठेवतात. एटसीडी स्थिर झाल्यावर ते सुरू करतात आणि कंट्रोलर मॅनेजर, शेड्यूलर व नोडवरचे क्युबलेट हेही पुन्हा सुरू करतात. यामागचे कारण रिव्हिजन क्रमांकात आहे. एखाद्या कंट्रोलरने ९,००० पर्यंतचे बदल पाहिले आणि क्लस्टर ७,००० वर परतला, तर तो आपल्या जुन्या स्मृतीवर विसंबून राहतो. एटसीडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पुनर्स्थापनेवेळीच रिव्हिजन मुद्दाम खूप पुढे ढकलण्याची आणि मागचे सर्व क्रमांक बाद ठरवण्याची सोय आहे. मग प्रत्येक कंट्रोलरला यादी नव्याने वाचावीच लागते.

घड्याळ आणि प्रमाणपत्रे : क्लस्टर सुरू करण्याआधी मशिनांची घड्याळे जुळलेली असावीत. क्युबअॅडम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरची घटक-प्रमाणपत्रे एका वर्षाची आणि मूळ प्रमाणपत्र दहा वर्षांचे असते. स्नॅपशॉटनंतर प्रमाणपत्रे बदलली गेली असतील, तर परत आलेल्या मशीनवर जुनी, कदाचित मुदत संपलेली, प्रमाणपत्रे असतात. ती नव्याने काढावी लागतात आणि नोडकडून आलेल्या प्रमाणपत्र-विनंत्या हाताने मंजूर कराव्या लागू शकतात. कामकरी नोड सहसा स्नॅपशॉटवरून आणत नाहीत. त्यांच्यावर स्वतःचे असे थोडेच असते, म्हणून नवे मशीन उभे करून क्लस्टरला जोडणे सोपे पडते. क्युबअॅडमचे जोडणी टोकन मुळात २४ तासांचे असल्याने ते मात्र नव्याने बनवावे लागते.

क्लस्टरबाहेरचा डेटा : काळ मागे जातो तो फक्त स्नॅपशॉट घेतलेल्या डिस्कपुरता. स्टोरेजवरची पर्सिस्टंट व्हॉल्यूम, लोड बॅलन्सर आणि डीएनएस वर्तमानातच राहतात. स्नॅपशॉटनंतर कोणी एखादा व्हॉल्यूम हक्क पुसला असेल आणि धोरण ‘डिलीट’ असेल, तर व्हॉल्यूम खरोखर गेलेला असतो. पुनर्स्थापनेनंतर हक्क पुन्हा दिसतो, तो वापरणारा पॉड (कंटेनरांचा गट) मात्र नसलेल्या व्हॉल्यूमची वाट पाहत अडकतो. उलट, नंतर तयार झालेली व्हॉल्यूम बेवारस राहून जागा अडवतात. डेटाबेसचा डेटा आणि क्लस्टरची नोंद वेगवेगळ्या क्षणांच्या असतील, तर ताळमेळ अॅप्लिकेशनच्या पातळीवरच घालावा लागतो.

पर्यायी मार्ग : एटसीडीचा स्वतःचा स्नॅपशॉट म्हणजे चालू गटातून काढलेली खतावणीची सुसंगत प्रत. ती एकच फाइल असून सोबत पडताळणीचा हॅश असतो. के३एस या हलक्या आवृत्तीत अंतर्भूत एटसीडी वापरल्यास अशी प्रत दर १२ तासांनी आपोआप निघते आणि शेवटच्या पाच ठेवल्या जातात. हेप्टिओ कंपनीच्या आर्क या साधनाचे नाव पुढे वेलेरो झाले. ते एपीआयद्वारे वस्तूंच्या नोंदी आणि व्हॉल्यूम यांची प्रत घेते, त्यामुळे एकच नेमस्पेस किंवा दुसऱ्याच क्लस्टरमध्ये पुनर्स्थापना करता येते. सर्व व्याख्या गिटमध्ये ठेवणाऱ्यांना रिकाम्या क्लस्टरवरही बरेचसे पुन्हा उभे करता येते. डेटा मात्र गिटमधून येत नाही.

मूल्यमापन : व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट अपग्रेडच्या आधी घेऊन काम साधताच काढून टाकायचा असतो. व्हीएमवेअरच्या मार्गदर्शनानुसार एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये. तो मूळ डिस्कवर अवलंबून असतो, म्हणून ती डिस्क गेली की तोही जातो. एकच कंट्रोल प्लेन नोड असलेल्या सरावाच्या क्लस्टरसाठी ही पद्धत पुरेशी आहे, कारण तिथे बहुमताचा प्रश्नच नसतो. तीन किंवा पाच सदस्यांच्या चालत्या क्लस्टरसाठी एटसीडीची फाइल, प्रमाणपत्रांची प्रत आणि व्हॉल्यूमचा वेगळा बॅकअप या तिन्ही गोष्टी क्लस्टरबाहेर ठेवाव्यात, आणि त्यांवरून क्लस्टर उभा राहतो की नाही हे संकट येण्याआधी वेगळ्या नेटवर्कवर करून पाहावे.