संगणित गुणधर्म असलेल्या ऑब्जेक्टची प्रत (जावास्क्रिप्ट)

संगणित गुणधर्म म्हणजे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतील ऑब्जेक्टचा असा गुणधर्म, ज्याचे मूल्य साठवलेले नसते. तो वाचला जातो त्या क्षणी एक फंक्शन ते काढून देते. या फंक्शनला 'गेटर' म्हणतात. अशा ऑब्जेक्टची प्रत काढताना भाषेतील बहुतेक प्रचलित पद्धती गेटर उचलत नाहीत. त्या तो एकदा चालवतात आणि आलेले मूल्य तेवढे नव्या ऑब्जेक्टमध्ये ठेवतात. वहीतून उत्तर उतरवून घ्यावे आणि रीत मागेच राहावी, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, त्यामुळे चूक बराच काळ लक्षात येत नाही.

ज्यांचे नावच आयत्या वेळी ठरते असे, चौकटी कंसात लिहिले जाणारे गुणधर्म ही निराळी गोष्ट आहे. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

पार्श्वभूमी

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली. गेटर आणि मूल्य भरताना चालणारा त्याचा जोडीदार 'सेटर' यांना डिसेंबर २००९ मधील एक्मास्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीने प्रमाण रूप दिले. त्याआधी काही ब्राउझरांत त्यांची स्वतंत्र रूपे होती.

उदाहरण

एका बिलाच्या ऑब्जेक्टमध्ये 'दर' १२ रुपये, 'नग' १० आणि 'एकूण' हा या दोहोंचा गुणाकार देणारा गेटर आहे असे मानू. 'एकूण' वाचल्यास १२० मिळतात. नग १५ केल्यास आपोआप १८० मिळतात. नग १० असतानाच या बिलाची सर्वसाधारण पद्धतीने प्रत काढली, तर प्रतीत 'एकूण' ही केवळ १२० ही संख्या उरते. पुढे प्रतीतील नग १५ केले तरी एकूण १२०च राहते.

पद्धती आणि त्यांचे वर्तन

२०१५ च्या आवृत्तीतील ऑब्जेक्ट.असाइन हे फंक्शन आणि २०१८ मध्ये ऑब्जेक्टसाठी आलेली तीन टिंबांची 'स्प्रेड' मांडणी, या दोन्ही मूळ ऑब्जेक्टचे गेटर चालवतात. फरक लिहिण्याच्या बाजूला आहे. असाइन लक्ष्य ऑब्जेक्टमधील सेटर चालवते. स्प्रेड मात्र नव्या ऑब्जेक्टमध्ये थेट साधे गुणधर्म निर्माण करते. वाचताना एखाद्या गेटरने त्रुटी फेकली, तर असाइन मध्येच थांबते आणि लक्ष्य अर्धवट भरलेले राहते.

गेटर क्लासमध्ये लिहिलेला असल्यास परिणाम आणखी वेगळा होतो. तो ऑब्जेक्टवर नसून त्याच्या प्रोटोटाइपवर असतो आणि या पद्धती फक्त ऑब्जेक्टचे स्वतःचे, गणनीय गुणधर्म पाहतात. त्यामुळे प्रतीत जुने मूल्यही येत नाही; 'एकूण' विचारल्यास 'अनडिफाइन्ड' मिळते. हा प्रकार तुलनेने बरा म्हणावा लागेल, कारण तो लवकर उघडकीस येतो.

स्ट्रक्चर्डक्लोन हे फंक्शन आतील ऑब्जेक्टांसह सखोल प्रत काढते; परंतु तेही गेटरचे मूल्यच घेते, प्रोटोटाइप सोडून देते आणि ऑब्जेक्टमध्ये कोठे फंक्शन आढळल्यास त्रुटी फेकते. जेसॉन मजकुरात रूपांतर करून पुन्हा वाचण्याच्या जुन्या युक्तीत गेटर गोठतातच. शिवाय फंक्शने गळतात आणि तारखांचे नुसते शब्द होतात.

गेटरसह प्रत

गेटर टिकवायचा असल्यास गुणधर्माचे मूल्य न वाचता त्याचे वर्णन, म्हणजे 'डिस्क्रिप्टर', घ्यावे लागते. २०१७ च्या आवृत्तीतील ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीडिस्क्रिप्टर्स सर्व वर्णने एकत्र देते. ती मूळ प्रोटोटाइपसह ऑब्जेक्ट.क्रिएटला दिली की वरील बिलाची प्रत नग बदलताच १८० दाखवते.

ही पद्धतही सर्वत्र पुरी पडत नाही. प्रत उथळ असते, म्हणजे आतील ऑब्जेक्ट दोघांत सामाईक राहतात. गेटरमध्ये 'धिस' ऐवजी मूळ ऑब्जेक्टचे चल नावाने वापरले असेल, तर प्रतीतील गेटर मूळ बिलाचाच हिशेब सांगत राहतो. क्लासमधील खासगी घटक तर प्रतीत येतच नाहीत आणि त्यांवर अवलंबून असलेला गेटर वाचताच त्रुटी देतो. अशा क्लासने स्वतःची प्रत कन्स्ट्रक्टरमार्फत काढून देणारे फंक्शन पुरवणे अधिक सुरक्षित ठरते.

गोठलेली प्रत हवी असते तेव्हा

गेटर गमावणे ही नेहमीच चूक नसते. ग्राहकाला दिलेली पावती उद्या हिशेबाचे सूत्र बदलले म्हणून बदलता कामा नये. तेथे मूल्यच साठवणे योग्य. उलट, अजून भरले जात असलेल्या बिलाचा दुसरा मसुदा काढताना गेटर लागतोच. दोन्ही ठिकाणी सवयीने तीच तीन टिंबे वापरली जातात आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

व्ह्यू या फ्रेमवर्कमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. त्याची दुसरी आवृत्ती माहितीतील गुणधर्मांचे गेटर-सेटरमध्ये रूपांतर करते, तर २०२० मध्ये आलेली तिसरी आवृत्ती त्यासाठी प्रॉक्सी वापरते. दोन्हींत स्प्रेडने काढलेली प्रत साधा ऑब्जेक्ट असते. तिच्या वरच्या पातळीवरील गुणधर्म बदलले तरी पडद्यावरील मजकूर बदलत नाही.