भट्टीतील उष्णतेचा हिशेब

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार केल्या जातात. या उद्योगाच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असल्याने वीजदर हा तेथील कारखानदारांच्या कायम चिंतेचा विषय. ही वीज नेमकी कशावर खर्च होते, हे कळण्यासाठी रसायनशास्त्रातील उष्णता आणि ऊर्जा यांच्या मूलभूत संकल्पना उपयोगी पडतात.

उष्णता आणि तापमान यांची व्यवहारात नेहमी गल्लत होते. तापमान हे पदार्थातील कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे निदर्शक, तर उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा. तिचे एकक ज्यूल. १ किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. लोखंडास नेहमीच्या तापमानाला जेमतेम ०.४५. या गुणधर्मास विशिष्ट उष्मा म्हणतात.

शुद्ध लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश. तेथे पोचल्यावर उष्णता देत राहूनही सर्व लोखंड वितळेपर्यंत तापमान वाढत नाही. ती ऊर्जा कणांची स्थायुरूप मांडणी मोडण्यात खर्ची पडते. हा अप्रकट उष्मा किलोमागे सुमारे २४७ किलोज्यूल आहे. बर्फासाठी तो ३३४, म्हणजे लोखंडाहून अधिक! भट्टीचा मोठा खर्च वितळवण्याचा नसून द्रवणांकापर्यंतची चढण चढण्याचा असतो. थंड भंगारापासून १६०० अंशांच्या रसापर्यंत टनामागे सैद्धांतिक गरज सुमारे ३८० युनिटची. प्रत्यक्षात विद्युत प्रवर्तन भट्टीला पाचशेहून अधिक युनिट लागतात, कारण भट्टीचे अस्तर, उघडे तोंड आणि तांब्याची वेटोळी थंड ठेवणारे पाणी आपापला वाटा घेऊन जातात.

तरीही भंगाराचा मार्ग स्वस्तच. खनिजातील फेरिक ऑक्साइडमधून लोह आणि ऑक्सिजन वेगळे करायचे तर किलोभर लोहामागे सुमारे ७,४०० किलोज्यूल द्यावे लागतात. वितळवण्याच्या पाचपटींहून जास्त. अशा अभिक्रियेस उष्माग्राही म्हणतात. झोतभट्टीत हे ओझे कोळसा उचलतो. भंगारात ती किंमत पूर्वीच चुकती झालेली असते. लोखंड गंजते तेव्हा नेमके उलटे घडते: ती अभिक्रिया उष्मादायी असते, मात्र इतकी संथ की हाताला ऊब जाणवत नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही, हा नियम येथेही लागू आहे. फार गंजलेले भंगार भट्टीला परवडत नाही, ते यामुळेच. त्यातील लोह पुन्हा ऑक्सिजनच्या तावडीत गेलेले असते.

पावसाळ्यात धोका वेगळाच. ओल्या भंगारातील किंवा बंद डब्यातील पाणी तप्त रसाखाली सापडले, तर क्षणात वाफ होऊन त्याचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते आणि रस उसळून कामगारांच्या अंगावर येतो. म्हणून भट्टीत टाकण्यापूर्वी भंगार निवडणे, वाळवणे आणि बंद डबे फोडून घेणे आवश्यक ठरते.