शिकवायला वेळ कोणाला?
नवख्या नर्सला अनुभवी नर्सच्या हाताखाली दिले की ती आपोआप तयार होते, हा समज जुना आहे. तो किती अपुरा आहे, हे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात दिसून आले. १८६० साली नाइटिंगेल निधीतून तिथे परिचारिकांची शाळा निघाली. शिकाऊ मुलींनी वर्षभर वॉर्डात राबावे, वॉर्ड सिस्टरने त्यांना शिकवावे आणि मेट्रन वॉर्डरोपर बाईंनी वक्तशीरपणापासून जळवा लावण्यापर्यंत सगळ्याची छापील तक्त्यावर दरमहा नोंद ठेवावी, अशी योजना होती. शिकवण्याबद्दल सिस्टरांना निधीतून जादा पैसेही मिळत. तरीही दहा-बारा वर्षांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लक्ष घातले तेव्हा व्याख्याने बुडालेली, आणि मुली म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळालेले हात, असा प्रकार आढळला.

यात सिस्टरांना बोल लावणे सोपे आहे. पण भरलेला वॉर्ड सांभाळणारीने शिकवायला वेळ काढायचा कुठून? कामातूनच माणूस शिकतो, असे कोणी म्हणेल. शिकतो खरा, पण चूक दाखवणारे कोणी नसेल तर चूकही तितकीच पक्की शिकतो. १८७० च्या दशकात व्याख्याने देणारे डॉक्टर बदलले गेले. त्याहून मोलाची सुधारणा, माझ्या मते, दुसरी होती: मुलींचे वर्ग घ्यायला आणि अभ्यासावर लक्ष ठेवायला स्वतंत्र ‘होम सिस्टर’ नेमली गेली. तिच्याकडे वॉर्ड नव्हता.