कोरे राहिलेले पाच महिने

शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा आर्क्टिकच्या बर्फाच्या जाडीचा एक तक्ता मी फळ्याशेजारी चिकटवला होता. ऑक्टोबर ते एप्रिल आकडे, मे ते सप्टेंबर रकाने कोरे. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, उन्हाळ्यात बर्फ संपतो का हो?"

संपत नाही. 2012 च्या सप्टेंबरात नीचांक नोंदला गेला, तेव्हाही बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर होता. आपल्या देशाहून किंचित मोठा. रकाने कोरे होते ते जाडी मोजणाऱ्या उपग्रहांवरच्या रडारमुळे.

उपग्रह जाडी थेट मोजत नाही. पाण्याबाहेर डोकावणारा भाग मोजतो, आणि तो असतो जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. वर सेंटिमीटरभर चुकलं की जाडीत दहा सेंटिमीटर चुकतं. त्यासाठी लागणारी समुद्राची पातळी कळते बर्फातल्या भेगांवरून. तिथलं शांत पाणी आरशासारखं, त्यामुळे रडारचा प्रतिध्वनी टोकदार येतो; खडबडीत बर्फावरून तो पसरट येतो. हिवाळाभर हे छान जमतं. मग जून उजाडतो आणि बर्फावरच वितळलेलं पाणी साचतं, पावसाळ्यात आपल्या गच्चीवर साचतं तसं. ही डबकीही आरसेच! डबक्याला समुद्र समजलं की सगळा हिशेब बिघडतो.

युरोपचा ईआरएस-1 हा उपग्रह 1991 मध्ये अवकाशात गेला. त्याच्या आणि ईआरएस-2 च्या नोंदींवरून लंडनच्या सेमूर लॅक्सन यांनी सहकाऱ्यांसह आर्क्टिकच्या जाडीचा हिशेब मांडला, 2003 मध्ये तो 'नेचर'मध्ये आला. पण फक्त हिवाळ्यांचा. खास या कामासाठी बनवलेला क्रायोसॅट 2005 मध्ये उड्डाणातच नष्ट झाला आणि पडलाही आर्क्टिक समुद्रातच. दैवाचा विनोद, दुसरं काय! दुसरा क्रायोसॅट एप्रिल 2010 मध्ये नीट पोहोचला. लॅक्सन 2013 मध्ये वारले.

दुसरा क्रायोसॅट उन्हाळ्यातही प्रतिध्वनी टिपतच होता. नोंदी साठत होत्या, वाचता येत नव्हत्या. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचे जॅक लँडी आणि सहकाऱ्यांनी संगणकाला प्रतिध्वनींच्या आकारावरून भेग आणि बर्फ वेगळे ओळखायला शिकवलं, डबक्यांमुळे येणारी चूक दुरुस्त केली, आणि 2022 मध्ये जाडीची बारमाही नोंद प्रसिद्ध केली. नवा उपग्रह लागला नाही. जुन्याच नोंदी पुरल्या.

भूगोलाच्या शिक्षकांनो, नवा तक्ता लावा. मात्र जुलैचे आकडे जानेवारीइतके खात्रीचे नाहीत, हेही वर्गात सांगा.