‘कंट्री’ म्हणावे तरी कशाला? — अमेरिकन ग्रामगीताच्या एका वादाचा इतिहास

१ मे १९९४ च्या रात्री अमेरिकेतील सेंट लुइस शहरी ‘मिसिसिपी नाइट्स’ या नावाच्या ठिकाणी ‘अंकल टुपेलो’ या वृंदाने आपला शेवटचा कार्यक्रम केला. वृंद लहान होता. त्याच्या नावावर अवघे चार अल्बम होते, आणि त्यांपैकी एकानेही बाजारात खळबळ उडविलेली नव्हती. पण हा वृंद फुटला आणि त्याच्या चाहत्यांत जे दोन तट पडले ते आजतागायत पुरते जुळले नाहीत. एक पक्ष जे फरार या गायकाचा. तो म्हणे, मातीचा वास असलेले खरे गाणे ते हेच. दुसरा पक्ष जेफ ट्वीडीचा. त्याचे म्हणणे असे की, गाणे चालते राहिले पाहिजे, मग त्यास पॉप म्हणा की रॉक म्हणा.

इतक्या दूरच्या भांडणाशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध एवढाच की, हा वाद ज्या गाण्यापासून निघाला ते एक भक्तिगीत होते. आणि भक्तिगीत कोणी म्हणावे, कसे म्हणावे व कोणत्या वाद्यासह म्हणावे, हा प्रश्न ज्यांच्या घरी भजनाची परंपरा आहे त्यांस परका वाटू नये.

ते गीत कार्टर कुटुंबाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केले होते. ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल ही व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातली माणसे. ऑगस्ट १९२७ मध्ये ‘व्हिक्टर’ कंपनीचा राल्फ पीअर हा टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी आपली यंत्रे मांडून बसला असता ही मंडळी तेथे जाऊन गायली. त्याच आठवड्यात, त्याच जागी, जिमी रॉजर्स हाही गायला. ‘कंट्री’ संगीताचा व्यावसायिक इतिहास पुष्कळजण या आठवड्यापासून मोजतात. पुढे आर्थिक मंदीच्या काळात कार्टर कुटुंबाने जे गीत म्हटले त्याचा भाव असा, की इहलोकी सर्वत्र मंदी व दैन्य असले तरी स्वर्गात तिचा शिरकाव नाही. भुकेल्या माणसांचे ते गाणे होते, आणि ऐकणाऱ्यांनाही भुकेचा अर्थ ठाऊक होता.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘शुद्ध’ पक्षाचे लोक ती सहसा सांगत नाहीत. ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करी, तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाली ध्यानात ठेवी. मेबेलच्या वादनावर रिडलच्या हाताचा ठसा आहे. नॅशव्हिलच्या आकाशवाणी केंद्रावरून १९२५ पासून चालत आलेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक होता. बँजो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या आठवणीतून घडलेले. आणि ज्या पेडल स्टील गिटारच्या करुण स्वराशिवाय ‘कंट्री’ गाणे ओळखूच येत नाही, तिचे मूळ पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत! १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ‘हवायन गिटार’ची लाट अमेरिकेत पसरली. हेच वाद्य ताऊ मो या कलावंतामार्फत कलकत्त्यासही पोहोचले, आणि पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर राग वाजविले. अमेरिकन खेडुताचे म्हणून जे ओळखले जाते आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर-बासरीच्या शेजारी जे ऐकू येते, ती वाद्ये एकाच घराण्यातली. तेव्हा अमिश्र असे काही मुळातच नव्हते.

असे असता शुद्धतेचा आग्रह आला कोठून? माझ्या मते तो बाजाराने शिकविला. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांनी गोऱ्या ग्रामीण गायकांसाठी एक यादी व काळ्या गायकांसाठी दुसरी यादी अशी वाटणी प्रथमपासून केली होती. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी पत्राने १९४९ साली या दोन्ही याद्यांची नावे बदलली, पण भिंत तशीच राहिली. भिंत उभी असली म्हणजे तिच्या आतले ते आपले असे वाटू लागते.

या भिंतीच्या आतही तंटे होतेच. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्यानंतर रॉक अँड रोलच्या माऱ्यापुढे जुन्या धर्तीची गाणी मागे पडू लागली, तेव्हा चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली आदी निर्मात्यांनी फिडल व स्टील गिटार कमी करून मागे व्हायोलिनांचा ताफा आणि गोड कोरस घालण्यास प्रारंभ केला. ‘नॅशव्हिल साउंड’ तो हाच. पॅट्सी क्लाइनची उत्तमोत्तम गाणी याच पद्धतीची आहेत, आणि ती ऐकताना कोणास तक्रार सुचत असेल असे मला वाटत नाही; तथापि त्या काळी जुन्या श्रोत्यांनी ‘हे आमचे गाणे नव्हे’ म्हणून नाके मुरडलीच. ऑप्रीच्या रंगमंचावर तर ड्रमला दीर्घकाळ मज्जाव होता. हसू नये, आपल्याकडे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले होते, आणि त्याच सुमारास देवळांतून भजने मात्र पेटीवरच रंगत होती.

यानंतरचे पात्र मोठे विलक्षण आहे. ग्रॅम पार्सन्स हा १९४६ साली फ्लोरिडात जन्मला; त्याच्या आजोळी संत्र्यांच्या बागांची अफाट संपत्ती होती. हार्वर्डमध्ये एक सत्र काढून त्याने विद्यापीठाला रामराम ठोकला आणि गरिबांची गाणी गाऊ लागला. १९६८ साली तो ‘द बर्ड्स’ या विख्यात रॉक वृंदात शिरला, आणि अल्पावधीत त्याने त्या सर्वांना नॅशव्हिलकडे वळविले. १५ मार्च १९६८ रोजी रायमन सभागृहात ऑप्रीच्या मंचावर हे केस वाढविलेले तरुण उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. ठरलेले गाणे बाजूस ठेवून पार्सन्सने स्वतःचे गाणे आपल्या आजीस अर्पण करून म्हटले, तेव्हा यजमानांचाही संताप झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघालेला ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम बर्ड्सच्या आधीच्या अल्बमांच्या मानाने फारच कमी खपला. म्हणजे कंट्रीवाल्यांस ते भोंदू वाटले आणि रॉकवाल्यांस ते प्रतिगामी वाटले. पार्सन्स १९७३ साली सव्विसाव्या वर्षी मरण पावला. एमिलू हॅरिस हिच्यासह त्याने गायिलेली गाणी त्याच्या मृत्यूनंतरच लोकांच्या खऱ्या आदरास पात्र झाली.

पार्सन्सवर ‘श्रीमंताचा पोर, त्यास दैन्य काय कळणार’ असा आक्षेप आजही घेतला जातो. हा आक्षेप पोकळ नाही. पण तो मान्य केला तर उपाशी नसलेल्या कोणासही उपाशी माणसाचे गाणे म्हणता येणार नाही, आणि मग कार्टर कुटुंबाचे ते भक्तिगीत १९३६ सालीच गाडून टाकावे लागले असते.

ते गाडले गेले नाही. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या, सेंट लुइसलगतच्या गावी शाळकरी मित्रांनी एक वृंद काढला. जे फरार, जेफ ट्वीडी आणि ड्रमवादक माइक हायडॉर्न असे तिघे. त्यांचा पिंड पंक रॉकचा, म्हणजे कानठळ्या बसविणाऱ्या वेगवान गिटारीचा. पण जून १९९० मध्ये निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी कार्टर कुटुंबाचे तेच गीत म्हटले, आणि अल्बमचे नावही त्यावरूनच ‘नो डिप्रेशन’ असे ठेवले. धर्मश्रद्धेपोटी त्यांनी ते निवडले असे दिसत नाही. कारखाने थंडावलेल्या प्रदेशातील पोरांना त्या जुन्या शब्दांत स्वतःची ओळख पटली असावी. १९९२ सालचा अल्बम ‘आर.ई.एम.’चा गिटारवादक पीटर बक याच्या देखरेखीखाली जॉर्जियातील अथेन्स येथे पाच दिवसांत मुद्रित झाला. त्याचे नावच ‘मार्च १६–२०, १९९२’. विजेच्या वाद्यांचा गोंगाट ज्या वर्षी शिगेस पोहोचला होता त्याच वर्षी या मुलांनी साध्या वाद्यांवर कोळसाखाणीतील मजुरांची व सैतानाच्या राज्याचा अंत मागणारी जुनी गीते म्हटली. चौघांत मला हाच अल्बम सर्वांत श्रेष्ठ वाटतो. १९९३ चा ‘ॲनोडाइन’ हा ऑस्टिन येथे, वृंदाने एकत्र वाजवूनच मुद्रित केलेला, तोही सुरेख. पण तोवर फरार व ट्वीडी यांचे परस्परांशी बोलणे जवळपास थांबले होते.

फुटीनंतर दोघांनी आपापले संसार थाटले. ट्वीडीने उरलेल्या साथीदारांना घेऊन ‘विल्को’ स्थापन केला. फरारने हायडॉर्नला परत बोलावून ‘सन व्होल्ट’. १९९५ च्या मार्चमध्ये विल्कोचा ‘ए. एम.’ आला, सप्टेंबरमध्ये सन व्होल्टचा ‘ट्रेस’. तुलना अटळ होती, आणि त्या वर्षीचा निकाल निःसंशय फरारच्या बाजूने लागला. त्याच साली सिॲटल येथे ग्रँट ऑल्डन व पीटर ब्लॅकस्टॉक यांनी एक नियतकालिक काढून त्यास ‘नो डिप्रेशन’ हेच नाव दिले. ‘पर्यायी कंट्री’ हे त्याचे ब्रीद. आणि त्याच्या पुढेच, ‘तो काय असेल तो असो’, अशा अर्थाची पुस्ती! संपादकांनी स्वतःच्या विषयाची व्याख्या करण्याचे असे खुल्या दिलाने नाकारलेले उदाहरण विरळा.

व्याख्या नसल्याने वादास अंत उरला नाही. मिनियापोलिसच्या ‘द जेहॉक्स’ या वृंदाचे उदाहरण घ्यावे. मार्क ओल्सन व गॅरी लूरिस यांच्या जुळ्या स्वरांनी ‘हॉलिवुड टाउन हॉल’ (१९९२) आणि ‘टुमॉरो द ग्रीन ग्रास’ (१९९५) हे दोन अल्बम अविस्मरणीय केले. मग ओल्सन निघून गेला. लूरिसने सूत्रे हाती घेऊन २००० साली ‘स्माइल’ काढला, तो पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’चा एक निर्माता बॉब एझ्रिन याच्याकरवी. स्वच्छ, चकचकीत पॉप! कित्येक जुने चाहते हळहळले, आणि लूरिसला मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या, सत्तरीच्या दशकात कोणी न ऐकलेल्या पण पुढे पुजल्या गेलेल्या पॉप-रॉक वृंदाचा वारस मानणारे दुसरे चाहते आनंदले. दोघेही त्याच माणसाचे चाहते.

विल्कोचेही तेच. १९९६ च्या दुहेरी ‘बीइंग देअर’मध्ये कंट्रीचे धागे शाबूत होते. १९९९ च्या ‘समरटीथ’मध्ये ट्वीडी व जे बेनेट यांनी कीबोर्डचे थरावर थर चढविले, ऐकणारास बीच बॉइजची आठवण व्हावी असे ते काम, आणि आत शब्द मात्र भीषण एकाकी. हा अल्बम फसवा गोड आहे, या टीकेत तथ्य आहे, असे मला बरीच वर्षे वाटे. आता तोच त्याचा गुण वाटतो. पण खोलीत एकत्र बसून वाजविणाऱ्या माणसांचा श्वास त्यात हरवला, ही जुन्या चाहत्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. ‘ॲनोडाइन’ ऐकून लगेच ‘समरटीथ’ ऐकावा. जे गेले ते कानाला कळते.

पुढचा अल्बम ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’. लघुलहरींवर आकडे-अक्षरे उच्चारणाऱ्या गूढ केंद्राच्या ध्वनिमुद्रणातून हे नाव घेतलेले. २००१ साली ‘रिप्राइझ’ कंपनीने तो नाकारला, बेनेटलाही वृंद सोडावा लागला. हक्क घेऊन बाहेर पडलेल्या विल्कोने त्या सप्टेंबरात तो इंटरनेटवर विनामूल्य ऐकावयास ठेवला. २३ एप्रिल २००२ रोजी ‘नॉनसच’ने तो प्रसिद्ध केला, आणि गंमत अशी की, नाकारणारी व स्वीकारणारी या दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या! अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत तेराव्या स्थानी दाखल झाला. ट्वीडीच्या पक्षास विजयाचा आनंद झाला. विरोधी पक्षाने एवढेच विचारले की, यात कंट्री कोठे आहे? प्रश्न रास्त होता. ट्वीडीने तसा दावाही केला नव्हता.

बाजाराने पुन्हा एकदा नाव शोधले. ‘अमेरिकाना’ ही यादी १९९५ साली एका व्यापारी पत्राने सुरू केली होती. १९९९ मध्ये त्या नावाची संघटना निघाली, आणि २०१० पासून ग्रॅमी पुरस्कारांतही या प्रकाराच्या अल्बमांस स्वतंत्र स्थान मिळाले. ‘नो डिप्रेशन’ हे नियतकालिक २००८ साली, पंचाहत्तर अंकांनंतर छापील रूपात थांबले आणि २०१५ मध्ये पुन्हा छापले जाऊ लागले. फरार आपला सन व्होल्ट चालवीत राहिला, ट्वीडी आपला विल्को. अंकल टुपेलो पुन्हा एकत्र आलेला नाही. चाहते अद्याप ‘ट्रेस’ थोर की ‘यँकी हॉटेल’ थोर यावर हुज्जत घालतात, आणि मध्येच कोणीतरी कार्टर कुटुंबाची १९३६ ची मूळ तबकडी लावतो.