शाबासकी धन्नोला

‘शोले’ १९७५ साली आला. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, तेव्हा घोडीबरोबर जो तबला जीव खाऊन धावतो, तो बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा. अख्ख्या सोलापुराने तो ऐकला आणि शाबासकी मात्र धन्नोला दिली! तबलजींचे नशीबच तसे. खाते आपले, जमा दुसऱ्याच्या नावे.

तरीही सर्वश्रेष्ठ तबलजी कोण, हा वाद आमच्या शाखेत डबे उघडले की हटकून निघतो. महागाई भत्त्याचा निकाल निदान दर तीन महिन्यांनी लागतो. याचा लागत नाही. हेडकॅशिअर थिरकवाँ खाँसाहेबांचे कट्टर. कर्जखात्यातला तरुण झाकीरपलीकडे जगच मानीत नाही. शेंगाचटणी सोडली तर सोलापूरकरांचे एकमत व्हायचे कशावर, सांगा!

त्यात माझा भाचा जॉन बॉनम नावाचा साहेब घुसवतो. हा ड्रमवाला १९८० साली वारला आणि लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध बँडने चक्क दुकान बंद केले. अहो, वाजवणारा गेला म्हणून गाणारे घरी! आपल्याकडे गवईबुवांनी दुसऱ्या तबलजीला तार केली असती.

अहमदजान खाँ मूळचे मुरादाबादचे. बोटे थिरकतात म्हणून ‘थिरकवाँ’ झाले. मुंबईत मुनीर खाँकडे शिकले आणि गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसले. प्रेक्षक यायचे नारायणरावांचे गाणे ऐकायला आणि शालू बघायला. त्या गर्दीत, पदाला धक्का न लावता, लोकांचा कान तबल्याकडे वळवायचा म्हणजे काय गंमत आहे? पुढे त्यांच्या नुसत्या तबल्याच्या मैफली झाल्या. १९७० मध्ये पद्मभूषणही मिळाले.

गोव्याच्या खाप्रुमामा पर्वतकरांची तर तऱ्हाच न्यारी. लयभास्कर! हाताने एक ताल, पायाने दुसरा, एकाच वेळी. आम्ही एका हाताने नोटा मोजून दुसऱ्याने पासबुक भरू लागलो तर संध्याकाळी चौकशी लागेल.

अल्लारखाँ रविशंकरांबरोबर १९६९ साली वुडस्टॉकला, म्हणजे थेट रॉकवाल्यांच्या जत्रेत वाजवून आले. ग्रेटफुल डेडचा ड्रमर मिकी हार्ट त्यांना गुरुस्थानी मानी. त्याच हार्टबरोबर माहीमला वाढलेल्या झाकीरने ‘प्लॅनेट ड्रम’ केले आणि १९९२ साली त्याला ग्रॅमी मिळाले. साथीदाराचे नाव छापून तिकिटे खपू लागली, हे या बापलेकांचे काम. भाच्याला हे सांगितल्यावर तो पाच मिनिटे गप्प होता. आमच्या घरात हा विक्रमच.

१५ डिसेंबर २०२४ला झाकीरभाई गेले. सोमवारी डबे उघडले, पण वाद कुणी काढला नाही. हेडकॅशिअरांनी स्वतःच्या मोबाइलवर झाकीरचा तबला लावला, तोही समेपर्यंत न थांबवता.

माझे मत विचाराल तर थिरकवाँ. गाणे दुसऱ्याचे, टाळ्या दुसऱ्याला, आणि तरी मात्रा चुकवायची नाही. ही नोकरी मला जास्त कळते. भाचा म्हणतो, “मामा, हे मत तुमचं नाही, तुमच्या युनियनचं आहे.”