शांत देशाचे अपराध

श्रोतेहो, उत्तर अटलांटिक महासागरांत, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकलेलें, आइसलंड नांवाचें एक बेट आहे. ज्वालामुखी, हिमनद्या आणि उष्णोदकाचे झरे यांनीं तें व्यापलेलें असून त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढीच आहे. या देशाला स्वतःचें खडें सैन्य नाहीं. तेथील सामान्य पोलीस शिपाई गस्त घालतांना कमरेला पिस्तूल लावीत नाहीं. वर्षाकाठीं होणारे खून बोटांवर मोजण्याइतके, आणि कांहीं वर्षीं तर एकहि नाहीं. जगांतील राष्ट्रांची शांततेच्या दृष्टीनें जी क्रमवारी दरवर्षीं लावतात, तींत २००८ सालापासून आइसलंडचा क्रमांक पहिला आहे.

अशा देशांतील गुन्ह्यांविषयीं सांगण्यासारखें तें काय असणार, असें कोणासहि वाटेल. परंतु जेथें गुन्हे थोडे, तेथें प्रत्येक गुन्हा पिढ्यान्पिढ्या लक्षांत राहतो; आणि गुन्ह्याबरोबर, त्यानंतर समाजानें काय केलें, तेंहि लक्षांत राहतें. आज मी या दुसऱ्या गोष्टीविषयींच मुख्यतः बोलणार आहें.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगितली पाहिजे. नॉर्वेकडून आलेल्या लोकांनीं नवव्या शतकाच्या अखेरीस हें बेट वसवलें आणि इसवी सन ९३० च्या सुमारास थिंगव्हेत्लिर येथील उघड्या मैदानांत आपली लोकसभा स्थापिली. तिचें नांव आल्थिंग. या राष्ट्राला राजा नव्हता आणि निकालाची अंमलबजावणी करणारा राजपुरुषहि नव्हता. न्यायसभेनें निकाल द्यावा आणि ज्याचा माणूस मारला गेला त्यानेंच तो अमलांत आणावा, अशी रीत होती. सर्वांत कडक शिक्षा बहिष्काराची: ज्यावर पूर्ण बहिष्कार पडला त्याला कोणीं अन्न देऊं नये, आसरा देऊं नये, आणि कोणीं त्याला ठार मारलें तर तो गुन्हा होऊं नये. त्या कायद्यांतील एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. मनुष्यवध करून जो तत्काळ तो जाहीर करी, त्याचें कृत्य वध समजलें जाई. जो तें लपवी, तो खुनी आणि अधम ठरे. सागा नांवाच्या ज्या गद्यकथांसाठीं हें राष्ट्र प्रसिद्ध आहे, त्यांतील पुष्कळशा कथा अशा वधांच्या आणि त्यांतून उपजलेल्या दाव्यांच्याच आहेत.

१२६२ ते १२६४ या काळांत आइसलंडनें नॉर्वेच्या राजाचें स्वामित्व मान्य केलें. पुढें तें डेन्मार्ककडे गेलें. राजसत्तेबरोबर देहदंड आला. १५६४ च्या एका कडक कायद्यानें नैतिक अपराधांनाहि मृत्युदंड लावला. ज्या थिंगव्हेत्लिरच्या मैदानांत स्वतंत्र शेतकऱ्यांची सभा भरे, तेथेंच नदीच्या एका डोहांत अपराधी ठरवलेल्या स्त्रियांना पोत्यांत घालून बुडवूं लागले. अशा अठरा स्त्रियांची नोंद मिळते. त्यांतील पुष्कळींचा अपराध एवढाच, कीं त्यांना विवाहबाह्य मूल झालें, किंवा तें जन्मतांच मेलें अथवा मारलें गेलें. त्या मुलांचे बाप मात्र डोहापर्यंत क्वचितच पोंचले.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. पश्चिमेकडील श्येउंदाऊ नांवाच्या एका शेतावर दोन कुटुंबें राहत असत. १८०२ सालीं त्यांपैकीं एकाचा पति ब्यार्नी आणि दुसऱ्याची पत्नी स्टेइनून यांनीं संगनमत करून आपापल्या जोडीदारांचे प्राण घेतले. दोघांनाहि देहान्ताची शिक्षा झाली. पण ब्यार्नीला शिक्षेसाठीं समुद्र ओलांडून नॉर्वेला न्यावें लागलें. स्टेइनून रेक्याविकच्या तुरुंगांत १८०५ सालीं मरण पावली. तिला गांवाबाहेरील टेकडीवर पुरून वर धोंड्यांची रास रचली. तिच्या अस्थि पवित्र भूमींत नेण्यास लोकांना शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तो तुरुंग पुढें लवकरच बंद पडला. त्याची दगडी इमारत अद्याप उभी असून तिच्यांत पुढें देशाच्या पंतप्रधानांची कचेरी आली.

याहून प्रसिद्ध खटला १८२८ सालचा. उत्तर किनाऱ्यावर इलुगास्तादिर येथें नातान केतिल्सन नांवाचा, औषधें देणारा एक गृहस्थ राहत असे. १४ मार्चच्या रात्रीं तो व त्याचा पाहुणा पेतुर योन्सन यांचा खून झाला आणि घराला आग लावण्यांत आली. घरांतील दोन दासी, आग्नेस माग्नुसदोत्तिर व सिग्रीदुर, आणि शेजारच्या शेतावरील फ्रिदरिक सिगुर्दसन हा तरुण, अशा तिघांना पकडलें. द्रव्यलोभ म्हणा, मत्सर म्हणा, कीं अपमान म्हणा, कारणाविषयीं लोक आजतागायत वाद घालतात. जिल्हाधिकारी ब्योर्न ब्लोंदाल यानें चौकशी केली. खटला कोपनहेगनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सिग्रीदुरची शिक्षा कमी होऊन तिला जन्मठेप झाली. उरलेल्या दोघांचा शिरच्छेद ठरला.

या मधल्या काळांत कैद्यांना ठेवावें कोठें? तुरुंग तर उरला नव्हता. म्हणून आग्नेसला शेतकऱ्यांच्या घरीं ठेवण्यांत आलें. ज्या मृत्तिकेच्या घरांत सारें कुटुंब एकाच लांबट खोलींत जेवी, लोकर विंची आणि झोपी जाई, तेथेंच ही मृत्युदंडाची कैदीणहि राहिली. ज्या समाजानें तिला मृत्युदंड दिला, त्याच समाजाच्या पंक्तीला ती रोज जेवीत होती.

१२ जानेवारी १८३० रोजीं थ्रिस्तापार नांवाच्या टेकाडावर शिक्षेची अंमलबजावणी झाली. कुऱ्हाड डेन्मार्कहून मागवली होती. घाव घालण्याचें काम मृत नातानच्याच भावानें पत्करलें. भोंवतालच्या शेतांवरील सुमारें दीडशें पुरुषांना तें पाहण्यास मुद्दाम हजर केलें होतें. प्रथम फ्रिदरिकचा शिरच्छेद झाला, नंतर आग्नेसचा. तो एकोणीस वर्षांचा होता, ती चौतीस. मस्तकें खांबांवर टांगलीं; परंतु लवकरच तीं कोणींतरी रात्रीं गुपचूप काढून पुरलीं. हें ज्यानें केलें, त्यानें राजाज्ञेचा भंग केला. आणि त्या दिवशींच्या साऱ्या व्यवहारांत दयेचें म्हणतां येईल असें कृत्य तेवढें एकच होतें.

आइसलंडच्या भूमीवरील हा शेवटचा देहदंड. १९२८ सालीं ती शिक्षा कायद्यांतून काढून टाकण्यांत आली. १९३४ सालीं दोघांच्या अस्थि उकरून चर्चच्या आवारांत विधिपूर्वक पुरल्या. २०१७ सालीं तेथील कायदेपंडितांनीं लुटूपुटूचें न्यायालय भरवून, आजच्या कायद्यानें हा खटला चालला असता तर काय झालें असतें, हें अजमावून पाहिलें. त्यांच्या मतें आग्नेसला चौदा वर्षांची कैद झाली असती.

येथवरच्या कथेवरून असें वाटेल कीं क्रौर्य हा जुन्या काळाचा दोष होता, आणि देहदंड गेला, राज्य लोकांचें झालें, म्हणजे तो दोषहि गेला. पण आइसलंडचा सर्वांत दुःखद खटला यानंतरचा, प्रजासत्ताकाच्या काळांतला आहे.

२६ जानेवारी १९७४ च्या रात्रीं हाफ्नारफ्योर्दुर गांवीं नृत्याच्या समारंभास गेलेला गुद्मुंदुर नांवाचा अठरा वर्षांचा तरुण पायीं घरीं निघाला, तो घरीं पोंचलाच नाहीं. त्या रात्रीं बर्फ व वादळ होतें. त्याच वर्षीं १९ नोव्हेंबरला केफ्लाविक येथील गेइरफिन्नुर नांवाचा बत्तीस वर्षांचा गृहस्थ, टेलिफोन आल्यावरून रात्रीं बाहेर पडला. त्याची गाडी बंदराजवळ सांपडली. तो सांपडला नाहीं. दोघांच्याहि बापाचें नांव एइनार, पण त्यांचें नातें कांहीं नव्हतें. या देशांत आडनांवाऐवजीं बापाचेंच नांव लावतात. प्रेत नाहीं, रक्त नाहीं, साक्षीदार नाहीं. जेथें माणूस बर्फांत, समुद्रांत किंवा लाव्ह्याच्या भेगेंत सहज नाहींसा होऊं शकतो, तेथें यांना खून तरी म्हणावें कीं नाहीं, हाच प्रश्न होता.

परंतु त्या वेळीं देशाची लोकसंख्या दोन लाखांहून थोडी अधिक. प्रत्येक घरांत हाच विषय. वर्तमानपत्रें उत्तर मागूं लागलीं. डिसेंबर १९७५ मध्यें एका अफरातफरीच्या प्रकरणांत एक तरुण जोडपें पकडलें गेलें. त्यांतील स्त्री अवघ्या कांहीं आठवड्यांच्या तान्ह्या मुलाची आई. गुद्मुंदुर नाहींसा झाला त्या रात्रीं तिला एक वाईट स्वप्न पडलें होतें, असें तिच्या बोलण्यांत आलें. पोलिसांनीं तें स्वप्न धरून ठेवलें आणि तें स्वप्न नसून पाहिलेली घटना असली पाहिजे, असें तिच्या मनावर बिंबवलें. हळूहळू सहा तरुण जाळ्यांत आले. त्यांना एकांतकोठडींत ठेवलें. त्यांपैकीं एकाला तर सहाशें दिवसांहून अधिक. झोंप मोडणें, गुंगीचीं औषधें, दिवसरात्र जळणारा दिवा, पुनःपुनः तेच प्रश्न. अखेर सर्वांनीं कबुली दिली. आणि प्रत्येकाची कबुली प्रत्येक वेळीं बदलत गेली. त्या कबुल्यांच्या आधारें पोलिसांनीं लाव्ह्याचीं मैदानें खणलीं. कांहींहि मिळालें नाहीं. त्यांच्या जबान्यांवरून आणखी चार निर्दोष गृहस्थांना सुमारें तीन महिने अटकेंत काढावे लागले.

जर्मनींतून कार्ल श्यूट्झ नांवाचा निवृत्त तपास-अधिकारी बोलावण्यांत आला. त्यानें निरनिराळ्या जबान्या जुळवून एक सुसंगत कथा तयार केली. राष्ट्रावरचें दुःस्वप्न सरलें, अशा अर्थाचे उद्गार न्यायमंत्र्यांनीं काढले. २२ फेब्रुवारी १९८० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहाहि जणांना दोषी ठरवलें. सर्वांत मोठी शिक्षा सतरा वर्षांची होती.

न केलेल्या खुनाची कबुली माणूस कां देतो? या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर शोधणारा पुरुष योगायोगानें आइसलंडचाच निघाला. गिस्ली गुद्योन्सन हे तरुणपणीं रेक्याविकच्या पोलीसखात्यांत होते. पुढें ते लंडनला मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. एकांत, थकवा आणि अधिकाऱ्यांचा अढळ आत्मविश्वास यांच्यापुढें मनुष्याचा स्वतःच्या स्मरणावरील विश्वासच उडतो, आणि आपण अपराध केला पण विसरलों, असें तो खरोखर मानूं लागतो, हें त्यांनीं अनेक उदाहरणांनीं दाखवून दिलें. आरोपींपैकीं एकानें कोठडींत लिहिलेली दैनंदिनी २०११ सालीं त्यांच्यापुढें आली. सरकारनें नेमलेल्या समितीनें २०१३ सालीं, या कबुल्या विश्वासार्ह नाहींत, असा निर्वाळा दिला. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच जणांना निर्दोष ठरवलें. त्यांपैकीं दोघे तोंपर्यंत मरण पावले होते. पंतप्रधानांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. त्या आईची शिक्षा खोट्या साक्षीबद्दल होती म्हणून ती मात्र कायम राहिली. तिचीहि क्षमा सरकारनें २०२२ सालीं मागितली व तिला भरपाई दिली. परंतु कायद्याच्या पुस्तकांत तिच्या नांवापुढील डाग पुसला गेला नाहीं.

श्रोतेहो, मी इतिहास शिकवीत असतां मुलें एक प्रश्न हटकून विचारीत: "यांत वाईट कोण?" इलुगास्तादिरच्या कथेंत तो प्रश्न निदान विचारतां येतो. या शेवटच्या खटल्यांत तो विचारूं गेलें तर उत्तर सांपडत नाहीं. पोलीस, न्यायाधीश, मंत्री, वृत्तपत्रकार, सारे सुशिक्षित व बहुधा सज्जन. ज्या समाजाला गुन्ह्याची संवय नाहीं, त्याला गुन्ह्याचें भय मात्र अधिक वाटतें. संशयांत राहणें त्याला असह्य होतें. आणि खरें उत्तर नसेल तर तो कोणतेंहि उत्तर पत्करतो. १८३० सालीं दीडशें माणसें टेकाडावर शिक्षा पाहण्यास हुकुमानें आणलीं होतीं. १९७७ सालीं सारें राष्ट्र आपखुशीनें पाहत होतें, आणि सुटकेचा निःश्वास टाकीत होतें.

तरीहि याच राष्ट्राच्या पदरीं एक गोष्ट घातली पाहिजे. निर्णय होऊन अडतीस वर्षें लोटल्यावर, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा शब्द त्यानें आपल्याच हातानें खोडला. २०१३ च्या डिसेंबरांत पोलिसांच्या गोळीनें तेथें प्रथमच एक मनुष्य मेला. त्यानें स्वतः पोलिसांवर गोळीबार केला होता, तरीहि पोलीसप्रमुखांनीं त्याच्या आप्तांपाशीं जाहीरपणें खेद व्यक्त केला. शांततेची परीक्षा गुन्ह्यांच्या आंकड्यांनीं होते तितकीच, पकडलेल्या माणसाला बंद दाराआड कसें वागवलें जातें, यानेंहि होते. आणि ही दुसरी परीक्षा आइसलंडनें उशिरां कां होईना, पण स्वतःहून दिली.

गुद्मुंदुर व गेइरफिन्नुर यांचें काय झालें, हें आजहि कोणासच ठाऊक नाहीं. पहिल्या दिवशीं पोलिसांपाशीं जें उत्तर नव्हतें, तें आजहि नाहीं. मधल्या काळांत सहा माणसांचें तारुण्य तेवढें खर्ची पडलें.